नेमप्लेटवरचा आकडा
लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये : एका छंदाचा छोटासा इतिहास

दरवर्षी स्मरणिकेच्या लेखासाठी कार्यकारिणीतली मुलं घरी येतात आणि दरवर्षी मी त्यांच्या हातात भोपाळच्या मराठी वस्तीविषयी काहीतरी लिहून ठेवतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशाची राजधानी इथे आली तेव्हा नागपूरच्या सचिवालयाबरोबर आलेली कुटुंबं, ग्वाल्हेर आणि इंदूरहून बदलीवर आलेली माणसं, आणि नंतर हेवी इलेक्ट्रिकल्सच्या नोकरीमुळे पिपलानी-बरखेड्याच्या क्वार्टर्समध्ये रुजलेले आमच्यासारखे लोक, हे सगळं लिहून झालं. या वर्षी संपादकांनी आधीच बजावलं, "काका, या वेळी जरा नवं काही द्या." म्हणून एका वेगळ्याच इतिहासाला हात घालतो आहे. विषय कॉम्प्युटरचा असला तरी घाबरू नये. आपल्याच घरात, आपल्याच मुलांच्या टेबलावर घडलेला हा इतिहास आहे आणि त्यात या स्मरणिकेचाही एक छोटा वाटा आहे.

२००४ सालची गोष्ट. माझा पुतण्या तेव्हा मॅनिटमध्ये दुसऱ्या वर्षाला होता. आम्ही जुने लोक त्या कॉलेजला अजून मॅक्टच म्हणतो. दादाने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून मुलाला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्या काळी मध्यमवर्गीय घरात ही खरेदी स्कूटरच्या खरेदीइतकीच मोठी असे. एका रविवारी सकाळी दादाचा फोन आला, "तू इंजिनिअर ना, येऊन बघ. तुझ्या लाडक्याने मशीन उघडून ठेवलंय."

जाऊन बघतो तर कॅबिनेटचं झाकण काढलेलं, बाजूला टेबलफॅन सुरू आणि चिरंजीव जमिनीवर मांडी घालून बसलेले. दुकानातून आलेला प्रोसेसर काढून मित्राला विकला होता. त्याच्या जागी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका मित्राकरवी मागवलेला दुसरा बसवला होता. बॉक्सवर नाव होतं एएमडी अ‍ॅथलॉन एक्सपी-एम २५००+.

"हा एम कशाचा?" मी विचारलं.

"मोबाइलचा, काका. म्हणजे लॅपटॉपसाठी बनवलेला."

"अरे, मग तो डेस्कटॉपमध्ये कशाला घातलास?"

"लॅपटॉपचा आहे म्हणूनच घातला."

हे उत्तर मला तेव्हा उद्धटपणाचं वाटलं. पुढे समजून घेतलं तेव्हा त्यामागे किती अभ्यास होता ते कळलं.

क्रिस्टलपासून सुरुवात

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. माझी सगळी नोकरी या पन्नासाच्या आकड्याभोवती गेली. जनित्राचा रोटर किती फेऱ्यांनी फिरवायचा, हे त्यावरून ठरतं. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्येही असाच एक ताल असतो, त्याला क्लॉक म्हणतात. फरक इतकाच की तो सेकंदाला लाखो-कोट्यवधी वेळा पडतो. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर कामाचं एक पाऊल पुढे टाकतो. ठोके वाढवले की पावलं वाढतात. निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा हा ताल वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले, म्हणजे सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके. ५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर त्यापेक्षा हळू का चालवला, याचं कारण काटकसरीचं होतं. दूरचित्रवाणीच्या रंगांसाठी लागणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मुबलक आणि स्वस्त मिळे. त्याच्या कंपनाला तीनने भागलं की ४.७७ येतं. एकाच क्रिस्टलमध्ये दोन्ही कामं भागली.

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले आणि त्यासाठी १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसवलेला असे. काही हुशार मंडळींनी तो काढून १६ चा बसवला आणि मशीन ८ मेगाहर्ट्झवर पळू लागलं. खर्च एका क्रिस्टलचा, फायदा एक तृतीयांश वेगाचा. आयबीएमला हे रुचलं नाही. पुढच्या मशीनमध्ये सुरू होतानाच वेग तपासणारी व्यवस्था घालून त्यांनी ही वाट बंद केली. निर्माता कुलूप लावणार आणि गिऱ्हाईक किल्ली शोधणार, हा खेळ तिथपासून सुरू आहे.

कुलूप लावण्यामागे निर्मात्यांची एक रास्त तक्रारही होती. नव्वदच्या दशकात काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा खरवडून जास्तीचा छापत आणि महाग विकत. घेणाऱ्याला वाटे आपण २०० चा घेतला, प्रत्यक्षात हाती १६६ चा. मशीन अधूनमधून बंद पडे आणि बिचाऱ्याला कारण कळत नसे. हे टाळण्यासाठी प्रोसेसरच्या आत वेगाचा गुणक कायमचा बंद करण्याची पद्धत आली.

गुणक म्हणजे काय, ते इथेच सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मदरबोर्डवर एक मूळ ताल असतो. त्याला बस म्हणतात आणि मेमरी त्याच तालाशी जुळवून घेते. प्रोसेसर त्या तालाला एका आकड्याने गुणून आपला वेग ठरवतो. १०० चा ताल आणि साडेचारचा गुणक, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए याच हिशेबाने गाजला. त्याचा गुणक साडेचारवर बंद होता, पण ६६ च्या तालाऐवजी १०० चा ताल दिला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर जाई. कॉलेजातल्या पोरांना या स्वस्त प्रोसेसरने वेड लावलं होतं.

पुण्यात जन्मलेला इंजिनिअर

लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये घालण्याच्या छंदाची एक मुळी शोधत गेलं तर आपल्या पुण्याशी थोडं नातं सापडतं. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. फाळणीनंतर रावळपिंडीकडून आलेलं ते कुटुंब. शिक्षण दिल्लीत, मग अमेरिकेत सिनसिनाटीला. १९९३ च्या मार्चमध्ये पेंटियम बाजारात आला, तेव्हा ३१ लाख ट्रान्झिस्टर असलेला तो प्रोसेसर ६० आणि ६६ मेगाहर्ट्झवर चाले.

१९९५ मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी लगेचच एएमडीने विकत घेतली आणि नेक्सजेनच्या आराखड्यातून १९९७ मध्ये के-६ हा प्रोसेसर तयार झाला. पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसणारा आणि पेंटियमपेक्षा स्वस्त. भारतातल्या अनेक घरांत पहिला कॉम्प्युटर आला तो या के-६ किंवा त्याच्या धाकट्या भावंडांच्या जिवावर.

या घराण्याचं शेंडेफळ म्हणजे २००० साली आलेले के-६-२+ आणि के-६-३+ हे प्रोसेसर. ते लॅपटॉपसाठी होते. आकाराने लहान, ०.१८ मायक्रॉन तंत्राचे, कमी व्होल्टेजवर चालणारे आणि मोठी कॅश मेमरी पोटातच बाळगणारे. पण पायांची रचना जुन्या डेस्कटॉपच्या सॉकेटचीच होती. मग काय, जुना बोर्ड फेकून न देता त्यात हा नवा प्रोसेसर बसवायचा, बोर्डाचा बायॉस नवा करून घ्यायचा, व्होल्टेजचे जंपर नीट लावायचे, अशी युक्ती जगभर पसरली. बोर्डावर गुणक दोन लावला की हे प्रोसेसर तो सहा समजत. १०० गुणिले ६, म्हणजे ६०० मेगाहर्ट्झ. जुन्या बोर्डाचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढे. जुनी साडी फेडून गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हा हिशेब चटकन समजला असता.

निवडून काढलेले दाणे

आता पुतण्याच्या त्या उत्तराकडे वळू. लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये मुद्दाम का घालायचा?

सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो प्रोसेसर एकदम घडवले जातात. आराखडा एक, भट्टी एक, तरी सगळे सारखे निघत नाहीत. कोकणातून आलेली आंब्याची पेटी उघडल्यावर जसं होतं तसंच. एकाच झाडाचे असले तरी दाणा-दाणा वेगळा. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होते. कमी व्होल्टेजवरही खणखणीत चालणारे बाजूला काढतात आणि ते लॅपटॉपसाठी ठेवतात, कारण तिथे बॅटरी जपायची असते आणि उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. म्हणजे लॅपटॉपवाला म्हणजे अशक्त, हा आपला समज उलटा होता. थोड्या खाण्यावर जास्त काम करणारा, तोच वेचून लॅपटॉपला दिलेला.

डेस्कटॉपचा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ हा १.६५ व्होल्टवर १८३३ मेगाहर्ट्झने चाले आणि त्याची उष्णतेची मर्यादा ६८ वॅटच्या आसपास होती. त्याचाच मोबाइल भाऊ १.४५ व्होल्टवर १८६६ मेगाहर्ट्झने चाले आणि त्याची मर्यादा होती ४५ वॅट. सॉकेट दोघांचा एकच, त्यामुळे कुठलाही जोड न लावता तो डेस्कटॉपमध्ये बसे. शिवाय २००३ च्या उत्तरार्धात एएमडीने डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा गुणक बंद केला, पण मोबाइलचा मोकळाच राहिला. कारण लॅपटॉपला काम कमी असताना गुणक उतरवून बॅटरी वाचवावी लागते. जी सोय वेग कमी करण्यासाठी ठेवली होती, तीच पोरांनी वेग वाढवण्यासाठी वापरली.

मी विद्युत अभियंता असल्यामुळे व्होल्टेजचा हिशेब लगेच लक्षात आला. प्रोसेसरची उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुतण्याने व्होल्टेज १.४५ वरून १.६५ वर नेलं होतं. तेवढ्यानेच उष्णता सुमारे १.३ पट. ठोके १८६६ वरून २२०० वर नेले, म्हणजे आणखी १.१८ पट. दोन्हींचा गुणाकार दीडपटीच्या थोडा वर. ४५ वॅटचे ६९ वॅट झाले. म्हणजे डेस्कटॉपच्या भावाइतकीच उष्णता, पण वेग ३२००+ या सर्वांत महाग प्रोसेसरचा. पैशाच्या दृष्टीने व्यवहार फार चोख होता.

पण भोपाळचा उन्हाळा या हिशेबात धरायला हवा होता. प्रोसेसरवरचा पंखा त्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवर असेल आणि हीटसिंकमुळे प्रोसेसर हवेपेक्षा ३० अंश वर राहत असेल, तर तो ५५ वर राहील. मे महिन्यात खोली ४० वर गेली की तोच प्रोसेसर ७० वर जाणार. परदेशातल्या पोरांचे आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आमच्या क्षेत्रात जुना ठोकताळा आहे की इन्सुलेशनचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. सिलिकॉनचा नियम अगदी तोच नसला तरी दिशा तीच आहे. मी त्याला एवढंच म्हणालो, "नेमप्लेटवरचा आकडा कोणी अंदाजाने लिहीत नाही. तू तो बदललास ना? मग आता टेस्टिंगवाला तूच."

त्याने मान डोलावली. ती टेस्ट त्याने घेतली की नाही, हे मीही विचारलं नाही. ती चूक माझी.

गणपतीच्या आधीचे दिवस

त्या वर्षी स्मरणिकेची पानं कॉम्प्युटरवर लावायचं काम पुतण्याने अंगावर घेतलं होतं. मंडळाकडे तेव्हा स्वतःचं मशीन नव्हतं. लेख हाताने लिहून यायचे, दोघी-तिघी टाइप करायच्या आणि पानं दादाच्या घरी त्या मशीनवर लागायची. प्रेसला फाइल द्यायच्या दोन दिवस आधी, रात्री, एक मोठी फाइल उघडेना. दुसरी उघडली, पण मधली पानं म्हणजे नुसती चिन्हांची खिचडी. बावीस पानं गेली. त्यांत एका आजींचा लेख होता. १९५६ साली नागपूरहून भोपाळला येतानाचा प्रवास, इथलं पहिलं घर आणि इथला पहिला गणपती, हे सगळं त्यांनी थरथरत्या हाताने लिहून दिलं होतं.

त्या काळात भोपाळमध्ये वीज जाणं ही रोजचीच बाब होती. २००० साली छत्तीसगड वेगळा झाल्यावर कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि मध्य प्रदेशात भारनियमन सुरू झालं. २००३ ची निवडणूक तर बिजली, सड़क, पानी याच घोषणेवर लढली गेली. त्यामुळे कोणतीही गोष्ट बिघडली की "लाइट गेली" म्हटलं की पुरे. कोणी पुढे विचारत नसे. मी स्वतः पुतण्याला म्हणालो, "सेक्रेटरींना सांगू, लाइट गेली आणि फाइल खराब झाली. आता उगाच पोराचं नाव कशाला खराब करायचं?"

तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला कोणालाच न सांगता एकटा सेक्रेटरींच्या घरी गेला आणि सांगून आला की मशीन मी वाढवून चालवत होतो, चूक माझी आहे, लाइट गेली नव्हती. परत आल्यावर दादा त्याच्यावर ओरडला नाही. मला मात्र माझ्या सल्ल्याची लाज वाटली. चाळीस वर्षं टेस्ट रिपोर्टवर सह्या करणाऱ्या माणसाने द्यावा असा तो सल्ला नव्हता.

मग आम्ही दोघांनी बसून खरं कारण शोधलं. प्रोसेसर निर्दोष होता. पोराने ११ चा गुणक आणि २०० चा ताल लावून २२०० गाठले होते. पण मेमरी होती १६६ च्या तालाची. तिला २०० वर पळवल्यामुळे ती कधीतरी एखादा अंक चुकवत होती. मशीन बंद पडत नव्हतं, पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण फाइल साठवताना चुकीचा अंक आत जात होता. मशीन बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग लगेच कळलं असतं. आमच्याकडे टेस्टबेडवर म्हणत की आवाज करणारा दोष सज्जन असतो. न बोलणाऱ्या दोषाला भ्यावं.

उपाय त्या मोबाइल प्रोसेसरच्या मोकळ्या गुणकातच होता. ताल परत १६६ वर आणला, म्हणजे मेमरी आपल्या मर्यादेत आली. गुणक ११ ऐवजी १३ केला. वेग आला २१६७. फक्त ३३ मेगाहर्ट्झ गेले. गुणक बंद असलेल्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरला हे जमलं नसतं. मग मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. त्यानंतर मोठमोठ्या अविभाज्य संख्या शोधणारा प्राइम९५ हा प्रोग्रॅम दिवसभर चालवला. गणित चुकलं तर तो तिथेच थांबून सांगतो. एकही चूक आली नाही, तेव्हा मी म्हणालो, "आता नेमप्लेट लाव."

आजींकडे लेखाची मूळ प्रत होती. वहिनी वाचत होत्या आणि पुतण्या टाइप करत होता, असं दोन रात्री चाललं. लेख छापून आला. पुढच्या वर्षी आजी नव्हत्या. त्यांच्या प्रवासाची ती पानं आज फक्त त्या वर्षीच्या स्मरणिकेत आहेत.

हैफाहून आलेला निकाल

या छंदाला जगाच्या इतिहासात काय स्थान, असं कोणी विचारेल. थोडं स्थान नक्की आहे. त्याच सुमारास इंटेल पेंटियम-४ चे ठोके वाढवण्याच्या मागे होती. ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ ची उष्णतेची मर्यादा ११५ वॅटवर गेली. पुढचा तेजस नावाचा आराखडा मे २००४ मध्ये रद्द करावा लागला, आणि ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ बाजारात आलाच नाही.

दुसरीकडे इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफा येथील गटाने लॅपटॉपसाठी पेंटियम-एम घडवला होता. तो मार्च २००३ मध्ये आला. मे २००४ मधल्या त्याच्या दुसऱ्या पिढीला २ गिगाहर्ट्झवर २१ वॅट पुरत. ठोके कमी, पण एका ठोक्यात काम जास्त. त्याचा सॉकेट डेस्कटॉपपेक्षा वेगळा होता. पण २००५ मध्ये आसूसने सीटी-४७९ नावाचा जोड काढला आणि पेंटियम-४ च्या काही बोर्डांवर पेंटियम-एम बसवता येऊ लागला. छंदिष्टांनी त्याचे ठोके अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास नेले. कित्येक कामांत तो कितीतरी महाग आणि तापट डेस्कटॉप प्रोसेसरांच्या बरोबरीने धावला, काही ठिकाणी पुढेही गेला.

टेबलावर मांडलेल्या त्या प्रयोगांनी पुढची दिशा आधीच दाखवली होती. जुलै २००६ मध्ये इंटेलने कोअर-२ ड्युओ आणला, तो पेंटियम-एमच्याच वंशातला. त्याची मर्यादा ६५ वॅट होती. लॅपटॉपसाठी केलेला विचार डेस्कटॉपच्या सिंहासनावर बसला. आज आपल्या घरातला प्रत्येक कॉम्प्युटर ऊन-सावली बघून स्वतःचे ठोके स्वतःच वाढवतो आणि उतरवतो. पुतण्या जे बायॉसमध्ये बसून हाताने करत होता, ते आता प्रोसेसर सेकंदात अनेकदा आपोआप करतो.

वेगाचे आणखी दोन मार्ग

आपल्या माणसांनी वेगाचे आणखी दोन मार्ग दाखवले, तेही नोंदवायला हवेत.

ऐंशीच्या दशकात भारताला हवा तसा शक्तिशाली क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. त्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, नागपुरात शिकलेले. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळणार नाही, हे उघड होतं. मग इंग्लंडमधल्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर हे साधे प्रोसेसर घेतले आणि ते मोठ्या संख्येने एकमेकांना जोडले. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. ठोके वाढवण्याऐवजी हात वाढवले. आज फोनमध्येही आठ-आठ कोअर असतात, त्यामागे हाच विचार आहे. याच सी-डॅकमध्ये आयआयटी कानपूरला जन्मलेलं जिस्ट तंत्र वाढलं आणि कॉम्प्युटरवर देवनागरी लिहिणं सोपं झालं. आपल्या स्मरणिकेवर त्याचं ऋण आहे.

तिसरा मार्ग आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरचा. तिथल्या मराठी घरात जन्मलेले नरेंद्र करमरकर आयआयटी मुंबईत शिकले आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी रेषीय प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत मांडली. हजारो अटी सांभाळून सर्वांत किफायतशीर उत्तर कसं काढायचं, हा तो प्रश्न. १९४७ पासून चालत आलेली रीत आकृतीच्या कडेकडेने जाई. करमरकरांनी आतून वाट काढली. यंत्र तेच, ठोके तेवढेच, पण रीत बदलली की मोठ्या प्रश्नांचं उत्तर लवकर येतं.

ठोके वाढवणं, हात वाढवणं आणि रीत सुधारणं, असे हे तीन मार्ग. पहिल्यात मजा आहे आणि शिकणंही आहे, पण त्याला सर्वांत आधी मर्यादा येते. बाकीचे दोन लांब पल्ल्याचे आहेत.

शेवटी

पुतण्या आता परदेशात सर्व्हर बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणी विभागात आहे. मशीन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यावर सही करणं हे त्याचं काम. मागच्या गणपतीत फोनवर म्हणाला, "काका, अजूनही सही करताना ती बावीस पानं आठवतात."

तो जुना कॉम्प्युटर दादाच्या माळ्यावर आहे. कॅबिनेटच्या आत एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्यावर पोराच्या अक्षरात लिहिलं आहे : '१३ गुणिले १६६, रात्रभर तपासलेलं.' खाली त्याची सही आणि शेजारी माझी.

आपल्या घरातली मुलं आज काही ना काही उघडून बसलेली दिसतील. कोणी मशीन उघडेल, कोणी दुचाकी, कोणी आपल्या आयुष्याचे ठरलेले बेत. बाहेरच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा त्यांच्या अंगात जास्त असू शकतं. ते त्यांना शोधू द्यावं. फक्त तपासायला शिकवावं, आणि चुकलं तर लाइटवर ढकलू नये, एवढं आपण मोठ्यांनीही पाळावं.

बुद्धीच्या देवतेकडे या वर्षी एवढंच मागणं. गणपती बाप्पा मोरया!